पुलाखालचा खाटीक

कॅरिगवानमध्ये मोठ्या भुकेच्या, म्हणजे त्या दुष्काळाच्या, आधीचं काही विचारायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. मी जाणता आहे म्हणून नव्हे. जे जाणते होते ते एक तर चर्चमागच्या मातीत निजले, नाहीतर जहाजात बसून अमेरिकेला गेले. ओसाड गावी एरंड बळी, तसा मी, फेलिम डेव्हनी, गावाचा खाटीक, शिल्लक राहिलो आणि फुकटचा मोठा झालो.

परवा नवे फादर आले. म्हणाले, "फेलिम, तो मर्टी राजा माणूस कसा होता हो?"

मी छाती फुगवून म्हटलं, "फादर, माझे सासरे ते."

चुलीशी बसलेली माझी बायको बायबीन, त्याच मर्टीची लेक, मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "सासरा व्हायला बाबानं किती खळखळ केली होती, ते पण सांग. नुसती शेपूट दाखवू नकोस, सगळा मासा दाखव."

तर सगळा मासा दाखवतो. काटे माझ्याच घशात अडकणार आहेत, पण त्याची मला सवय आहे.

तेव्हा आमचं गाव एक नव्हतं, दोन होती. मधे पूल. पुलाच्या वर आम्ही: दुकानदार, लोहार, चांभार, आणि खाटीक मी. पुलाच्या खाली दर्यावरची माणसं. त्यांची घरं एकमेकांना इतकी खेटून, की एका घरात शिंक आली तर तिसऱ्या घरातून "देव भलं करो" ऐकू येई. ती लोकं आपसातच लग्नं करायची, आपसातच भांडायची आणि भांडण मिटवायला पुलाच्या वर कधी यायची नाहीत. त्यांचा स्वतःचा राजा होता. राजा म्हणजे मुकुट नाही, घोडा नाही. सगळ्यांनी मिळून निवडलेला एक शहाणा मासेमार. अंगात लाल जाकीट, होडीला पांढरं शीड, एवढाच त्याचा थाट. पण तो निघाल्याशिवाय एकही होडी निघत नसे, आणि तो "परत" म्हणाला की भरलेल्या दर्यावरूनही सगळ्या परत फिरत. तोच हा मर्टी.

आणि मी? ज्या गावात कुणी मांस खात नाही अशा गावाचा मी खाटीक. सोमवारी बटाटे, मंगळवारी बटाटे आणि ताक, बुधवारी बटाटे आणि हेरिंग मासे, आणि पाहुणा आला तर जास्त बटाटे. डुक्कर घरोघरी होतं, पण ते बाजाराला जायचं आणि त्यावर घरभाडं फिटायचं. आमच्या वाट्याला त्याचं ओरडणं, मांस दुसऱ्याच्या. नाताळला थोडं गोमांस आणि ईस्टरला कोकरू, एवढाच माझा हंगाम. माझे वडील म्हणत, "खाटकाला सुरी नसली तरी चालेल, धीर हवा." त्यांच्याकडे धीर होता. माझ्याकडे वेळ होता, आणि रिकाम्या माणसाचं होतं तेच माझं झालं. मी प्रेमात पडलो.

बायबीन पुलावर टोपली घेऊन बसायची. मी रोज जाऊन हेरिंग घ्यायचो. घरात हेरिंगचा ढीग. वडील एकदा नाक धरून म्हणाले, "फेलिम, बाळा, आपण खाटीक आहोत ना? मी विसरत तर नाही ना काही?"

आता खरी अडचण ऐका. पुलाखाली डुक्कर हा शब्द बोलायचा नाही. दर्यावर निघताना तो कानावर पडला की दिवस गेला. ऐकणारा आधी लोखंडाला हात लावणार, मग जाळं उचलून घरी जाऊन निजणार. बोलायचीच वेळ आली तर "नाकाड्या" म्हणायचं. आणि मी कोण, तर ज्याच्या तोंडात दिवसभर दुसरा शब्द नाही असा माणूस! पहिल्याच भेटीत बायबीनला खूश करायला म्हणालो, "तुझे डोळे किती छान आहेत, आमच्या डुकराच्या..."

पुढचं वाक्य बोलायला मिळालंच नाही. तिनं टोपलीच्या कडीला हात लावला आणि एक ओला हेरिंग माझ्या तोंडावर मारला. वाक्य चांगलं होतं हो. मला म्हणायचं होतं की आमच्या डुकराच्या पिलासारखे भोळे. बायबीन म्हणते, बरं झालं पुढे बोलला नाहीस, दुसरा हेरिंग मोठा होता.

पण तिला हसू आलं होतं. ते मी पाहिलं, आणि सहा फुटांचा गाढव तेवढ्यावर हवेत गेला.

आता हेरिंगची मिरवणूक. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. बटाटे आणि हेरिंग. चाळीस दिवस हेरिंग राजा आणि खाटीक भिकारी. म्हणून ईस्टरच्या आदल्या शनिवारी खाटकाचा सूड. एक हेरिंग काठीला बांधायचा, गल्लीगल्लीतून छड्यांनी झोडत पुलापर्यंत न्यायचा, तिथून नदीत फेकायचा आणि येताना त्याच काठीला फुलं-रिबिनी बांधलेली कोकराची तंगडी मिरवत आणायची. माझ्या बापानं केलं, आज्यानं केलं. पुलाखालची माणसंसुद्धा बघायला यायची आणि हसायची. कारण नियम असा होता की हेरिंग मागच्या वर्षीचा, पिंपातला, खारवून वाळलेला पाहिजे. तो कधीच मेलेला. त्याला घर नाही, नातं नाही. त्याला कितीही मारा, तो कुणाला सांगायला जाणार नाही.

वडील वारले त्या वर्षी मिरवणूक माझ्याकडे आली. मी पिंपातला एक सुकडा हेरिंग काढून पुलावर बसून दोरी बांधत होतो. बायबीन आली, बघून म्हणाली, "ईऽ! हे काय? हा तर तुझ्यापेक्षाही मरगळलेला दिसतोय."

"नियम आहे," मी म्हटलं.

"नियम म्हाताऱ्यांना. हा घे." तिनं टोपलीतून एक ताजा हेरिंग काढला. हंगाम सरला होता, कुठून तरी मागे राहिलेला एकटा सापडला होता. अंगावर नुसती चांदी. "बघ कसा चमकतोय. मारशील तर सगळ्या गल्लीला दिसेल."

एवढं पुरे होतं, पण मला तेवढ्यावर गप्प बसवेना. मी त्या हेरिंगला लाल चिंधीचं जाकीट शिवलं. मर्टीच्या जाकिटासारखं. मिरवणुकीत त्याला छड्या मारताना मी मर्टीच्या जाड आवाजात ओरडत होतो, "परत! सगळे परत! दर्या वाईट आहे, मला चाबूक पडतायत!" वरची गल्ली लोळून लोळून हसली. बायबीन शालीचं टोक तोंडात धरून हसली. मला वाटलं, कॅरिगवानमध्ये माझ्यासारखा विनोदी माणूस झाला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच.

पुलावर आलो, हेरिंग नदीत फेकला, टाळ्या झाल्या. मग लक्षात आलं की टाळ्या फक्त वरच्या बाजूनं होत्या. खालची सगळी माणसं गप्प उभी. मर्टी पुढे आला. जाकिटावरून तो चिडला असेल असं मला वाटलं. जाकिटाचा त्यानं उल्लेखसुद्धा केला नाही.

"ताजा होता?" त्यानं विचारलं.

"हो, राजे."

त्यानं वाकून पाण्याकडे बघितलं. "ओहोटी आहे."

"हो, राजे."

"म्हणजे तो घरी गेला," मर्टी म्हणाला. "आता जाऊन सांगेल सगळ्यांना, कॅरिगवानमध्ये कसं वागवलं ते."

मी हसलो. मला वाटलं, तोही विनोद करतोय. माझं हसणं पुलावर एकट्याचंच ऐकू आलं.

त्या शरद ऋतूत हेरिंग आले नाहीत.

शेजारच्या खाडीत आले. त्याच्या पलीकडच्या गावात तर म्हणे हातानं उचलावेत इतके आले. आमच्या उपसागराच्या तोंडाशी येऊन वळून गेले, असं मर्टीच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. पाहुण्यानं दारातूनच परत जावं तसे. तेव्हा बटाटे भरपूर होते, म्हणून कुणी उपाशी मेलं नाही. पण जाळी कोरडी टांगलेली, पिंपं रिकामी, आणि पुलाखालच्या प्रत्येक दारातून माझ्याकडे रोखलेली एक नजर. खाली एक म्हातारी होती, ती मला बघितलं की म्हणायची, "आला बघा चाबूकवाला!" बायबीन पुलावर बसायची बंद झाली. बसून विकणार काय? मी पुलाच्या वरच्या टोकाशी उभा राहून खाली बघत असे. लोहार म्हणाला, "फेलिम, पुलाला दिव्याचा खांब नव्हता, बरी सोय झाली."

आणि माझं सगळं बायबीनमध्ये अडकलेलं होतं. आमच्याकडे उपासात लग्न लागत नाही. उपासाच्या आदल्या मंगळवारपर्यंत ज्याचं लागलं त्याचं लागलं. ज्याचं नाही लागलं त्याच्या पाठीवर पुढच्या रविवारी चर्चमध्ये मुली खडूनं रेघ ओढतात. माझ्या कोटावर इतक्या वर्षांच्या इतक्या रेघा होत्या की मी पाठमोरा असलो तर लोक मला पीठवाला समजत. आणि त्या हिवाळ्यात कानावर आलं की मर्टी बायबीनसाठी खालच्याच वस्तीतला एक मुलगा बघतोय. चांगला मुलगा. हात कसे, खांदे कसे, आणि गप्प बसायची अक्कल.

नाताळ झाल्यावर मर्टीनं मला बोलावलं. होड्यांचे नांगर आणि जाळी यांच्या मधे सगळे पुरुष बसले होते. हाच त्यांचा दरबार.

"काय रे खाटका," मर्टी म्हणाला, "तो ताजा हेरिंग तुला दिला कुणी?"

माझी जीभ म्हणजे उचलली की टाळ्याला लागते. जन्मात एकदाच ती जागच्या जागी बसली, ती त्या दिवशी. मी म्हटलं, "माझ्या मूर्खपणानं दिला, राजे."

"तो काय टोपली घेऊन बसतो का पुलावर?"

लोक हसले, मर्टी हसला नाही. तो म्हणाला, "माझ्या होडीतला मासा मी ओळखतो. कुणी दिला तेही मला ठाऊक आहे. तू नाव घेतलं असतंस ना, तर तुला उचलून तिकडे फेकला असता, ओहोटी असो की भरती."

मग त्यानं निकाल दिला. मी होडीतून हेरिंगांच्या वाटेपर्यंत जायचं आणि त्यांची माफी मागायची, तोंडानं, मोठ्यानं. उपासाच्या आत हेरिंग आले तर बायबीन माझी. नाही आले तर मी मरेपर्यंत पुलाच्या वर राहायचं. "आणि होडीत तो शब्द उच्चारलास," मर्टी म्हणाला, "तर पोहत यायचं."

मला पोहता येत नव्हतं. आणि मी ह्याआधी कधी होडीत बसलो नव्हतो, हे सांगायची लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी निघालो. किनाऱ्यापासून चर्चचा कळस अजून दिसत होता, तेव्हाच माझ्या पोटातले सकाळचे बटाटे मला भेटायला वर आले. होडीतले सहा जण वल्ही ओढत होते आणि मी कडेला लोंबकळत होतो. मर्टी सुकाणूवरून म्हणाला, "हां, इथे. माग माफी."

मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. "हे हेरिंग महाराज..." म्हणून सुरुवात केली आणि ओकलो. "आपल्या कुळाचा मी अपमान..." परत ओकलो. शेवटी सगळं पाठांतर बुडालं आणि मी नुसता रडत ओरडलो, "चुकलो रे बाबांनो! मी गाढव आहे! ती हसावी म्हणून केलं सगळं! या ना आता, या!"

होडीत कुणी हसलं नाही. मर्टी म्हणाला, "बरोबर मागितलीस. एवढं ओकून कुणी खोटं बोलत नाही."

हेरिंग आले. मी म्हणतो चार दिवसांनी, बायबीन म्हणते पुढच्या आठवड्यात. पांढरे मोठे पक्षी उपसागरावर सुळकन खाली पडायला लागले आणि पुलाखालून एकच आरडाओरडा झाला. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय. कदाचित शेजारच्या खाडीत गर्दी झाली असेल. पण लोकांनी मला खांद्यावर घेतलं आणि मीही नको म्हटलं नाही. त्यानंतर वर्षभर मी वरच्या गल्लीत हेरिंगांचा खास माणूस म्हणून फिरत होतो. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच असेल.

लग्न शेवटच्या मंगळवारी लागलं. जेवणात, मीच खाटीक म्हटल्यावर, भाजलेली तंगडी होती. खालची मंडळी म्हणत होती, "नाकाड्याची तंगडी फक्कड झालीये." लग्न लावायला आलेले फादर बाहेरगावचे. त्यांनी एक घास घेतला आणि कौतुकानं म्हणाले, "वा! इतकं लुसलुशीत डुक्कर मी कधी खाल्लं नाही!"

सगळी पंगत उठली. कुणी चुलीच्या चिमट्याकडे, कुणी दाराच्या कडीकडे, कुणी दुसऱ्याच्या बुटाच्या खिळ्याकडे. मला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण चिमट्याला पहिला हात माझा लागला. मर्टीचा दुसरा. आम्ही दोघं चिमटा धरून समोरासमोर उभे. तो म्हणाला, "बस आता जेवायला, जावई."

खरं सांगू? मला त्याच्या तोंडून दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

मग काही चांगली वर्षं गेली. मी पुलाच्या वर खाटीक आणि पुलाच्या खाली जावई. वर डुक्कर, खाली नाकाड्या. एवढीच ती ओळ होती, आणि ती पाळली की दोन्हीकडे जेवायला मिळायचं.

आणि मग बटाटे शेतातच काळे पडून कुजले.

ते मी सांगत नाही. ते सांगायला दुसरे लोक आहेत, आणि कुणी सांगितलं तरी कुणाला पुरत नाही. एवढंच सांगतो की दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत पुलाखालच्या बहुतेकांनी जाळी विकून पीठ घेतलं होतं. आणि तेव्हा, दुष्काळात तेरावा महिना म्हणावं की काय म्हणावं, हेरिंग आले. माझ्या माफीच्या वर्षी आले नव्हते इतके. उपसागर नुसता चंदेरी, वर पक्षी तुटून पडतायत, आणि खाली होड्या उलट्या घालून ठेवलेल्या. वल्ही ओढायला हात होते कुणाकडे? मर्टीच्या सहा जणांतले तीन मातीत गेले होते आणि एक जहाजावर.

मर्टी त्या सकाळी पूल चढून आला. तो माझ्या दुकानात कधीच आला नव्हता. लाल जाकीट अंगात सैल लोंबत होतं. मांस टांगायच्या आकड्यांवर काहीही नव्हतं, तरी त्यानं तिकडे बघितलं नाही.

"माझं जाळं शाबूत आहे," तो म्हणाला. "वल्हं ओढशील?"

"राजे, मला उलटी होते."

"पोटात आहे काही उलटायला?"

"नाही."

"मग चल."

आम्ही चौघं निघालो. मर्टी, त्याची राहिलेली दोन माणसं आणि मी. बायबीन किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. पक्षी दिसत होते, पाण्यातली चांदी दिसत होती, आणि होडी काही केल्या पुढे सरकत नव्हती. माझे हात गळाले. मी वल्हं सोडलं आणि म्हटलं, "राजे, मला इथेच मरू द्या."

मर्टी सुकाणूवर उभा राहिला आणि सगळ्या अंगातली ताकद गोळा करून ओरडला, "ओढ रे डुकरा! ओढ!"

तिघंही थांबलो. माझ्या वल्ह्याजवळच लोखंडी कडी होती, मी तिच्याकडे बघितलं. त्या दोघांनीही बघितलं. कुणी हात लावला नाही. मर्टीनंही नाही. तो खाली बसला, आणि त्याचं तोंड असं झालं होतं, जसं त्यानंच कुणाला तरी मारलंय.

मग मी ओढलं. जाळं भरून आलं. त्या आठवड्यात पुलाखाली सगळ्या घरांत चूल पेटली. बायबीन त्या हेरिंगांवर वाचली आणि मीही वाचलो. मर्टीनं त्यातला एक हेरिंग खाल्ला आणि पुढे काही मागितलं नाही. वसंत यायच्या आत तो गेला. नवा राजा कुणी निवडला नाही. निवडायला माणसं लागतात.

बायबीन म्हणाली, "हं. आता झाला सगळा मासा." आणि आमच्यासमोर बटाटे ठेवून बाहेर गेली.

पुलाखाली आता निम्म्या घरांना छप्पर नाही. राहिलेल्या घरांतून नवी माणसं होड्या नेतात. एकमेकांना डुक्कर म्हणून हाका मारतात, हसतात आणि खुशाल दर्यावर जातात. कुणी लोखंडाला हात लावत नाही आणि मासे येतात तसे येतात. मी जन्माचा खाटीक, पुलाच्या वर दिवसभर तोच शब्द माझ्या तोंडात. पण पूल उतरलो की माझ्या तोंडून अजून "नाकाड्या" निघतं. मागच्या आठवड्यात एका मासेमारानं हसून विचारलं, "नाकाड्या म्हणजे काय हो, आजोबा?"

त्याची होडी निघायच्या बेतात होती. सांगायचं तर तो शब्द तोंडावर आणावा लागला असता. तिथेच एक लोखंडी नांगर पडला होता, त्यावर हात ठेवला आणि ती होडी दिसेनाशी होईपर्यंत तसाच उभा राहिलो.